गोठ्यात पुरलेली पेटी

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी नक्की काय शिकते हे सांगताना माझी अजूनही त्रेधा उडते. भूगर्भशास्त्र म्हटलं की आमच्या कळंबमध्ये लोक विचारतात, "म्हंजी बोअरचं पाणी दाखवती का?" पाणी नाही, मी म्हणते. दोन भूखंड एकमेकांवर आदळून हिमालयासारखे डोंगर उभे राहतात, त्यांच्याखाली खूप खोलवर काय आहे, ते. समोरचा माणूस मान हलवतो आणि कांद्याच्या भावाचं बोलायला लागतो.

एवढ्या खोल खोदून जाता येत नाही. म्हणून ऐकावं लागतं. लांब कुठेतरी भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून वर येतात, आणि भूकवचाचा तळ ओलांडताना त्या थोड्या बदलतात. कणगीवर टिचकी मारली की आत धान्य कुठवर आहे ते आवाजावरून कळतं, तसंच काहीसं. हिमालयाखाली हे कवच आपल्याकडच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट जाड आहे, कारण आपलीच जमीन तिथे खाली घुसते आहे. जुन्नर, आंबेगाव, सगळं त्याच तुकड्यावर बसून दर वर्षी बोटाच्या दोन पेरांएवढं उत्तरेला सरकतं. वर्गात हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी घरी येताना मी एसटीत समोरच्या सीटचा दांडा उगाचच घट्ट धरून बसले होते.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी आमच्या सरांना हिमालयात यंत्रं बसवायची होती. तेलाच्या डब्याएवढी लोखंडी पेटी, जमिनीची बारीकशी हालचाल टिपणारी. नेण्याआधी ती महिनाभर कुठेतरी शांत जागी चालवून बघायची असते. कळंब बाद, कारण हायवेचे ट्रक. शेजारच्या अवसरीकडेही विहिरींच्या मोटारी. मग मला आत्याचं घर आठवलं. आंबेगावच्या पश्चिमेला, घाटाच्या अंगाला तिची वाडी. पंधरा-वीस घरं, खाली भाताची खाचरं आणि मागे सरळ चढत गेलेला डोंगर. तिथे एवढी शांतता की कोणाच्या घरात भांडं पडलं तरी वाडीला कळतं.

जुलैच्या सुरुवातीला गोठ्याच्या कोपऱ्यात खड्डा खणून कातळावर पेटी बसवली. वाडीत दोन दिवस तोच विषय.

"काय मॅडम," शेजारचे आजोबा दारातून डोकावून म्हणाले, "पाताळात फोन लावला म्हनं. उचलला का कुनी?"

"अजून रिंगच जातीय, आजोबा."

"लागला तर इचारा, आमची म्हातारी तिकडं पोचली का." आणि स्वतःच खोकत हसत सुटले.

आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, त्या वेळी घराचं पुढचं दार उतरवून त्याला रंधा मारत होते. दार खाली घासत होतं. "पावसानं लाकूड फुगतंय," ते म्हणाले. मी भुसा गोळा करायला मदत केली. त्यापलीकडे मी त्या दाराचा विचार केला नाही.

दर रविवारी मी एसटीने जायची आणि पेटीतली नोंद लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. दुसऱ्याच आठवड्यात लांबच्या एका भूकंपाच्या लाटा इतक्या स्वच्छ आल्या होत्या की मी आत्याला बोलावून दाखवल्या. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "आन् ह्ये बारकं बारकं काय हाय?"

मोठ्या लाटेच्या आधीही आणि नंतरही टोचल्यासारख्या बारीक रेषा होत्या. गुरांचे पाय असतील, मी म्हणाले. फोनवर सरही तेच म्हणाले. "जवळचा आवाज आहे. आपल्याला तो नको. गाळून टाक." आमच्या कामात हे रोजचंच. खोलचं ऐकायचं तर जवळचं गाळावं लागतं.

पण दिवसा म्हशी चरायला गेल्यावर गोठा रिकामा असतो, आणि त्या रेषा दिवसाही होत्या. पुढच्या रविवारी त्या वाढल्या होत्या. पाऊस लागून राहिला की दाट, उघडीप मिळाली की विरळ. मी रेनकोट घालून डोंगराच्या बाजूने चढून गेले. जेसीबीने उतार कापून पाडलेल्या वरच्या खाचरांच्या कडेला गवतात एक चीर होती. हात जेमतेम आत जाईल एवढी. वरून वाहत आलेलं पाणी तिच्यापाशी येऊन दिसेनासं होत होतं, आणि खाली ते कुठे निघतंय ते मला सापडलं नाही.

मी सरांना फोटो पाठवले. त्यांनी लगेच फोन केला. आवाज बदललेला होता. "दरडी हे माझं क्षेत्र नाही. एका यंत्रावरून आवाजाची जागाही नक्की सांगता येणार नाही. पण तुझी माणसं तिथे राहतात ना?" त्यांनी तहसील कचेरीत कळवायला सांगितलं, तसं मी कळवलं. माणूस येऊन बघून जाईल असं उत्तर मिळालं.

त्या दिवशी चुलीपाशी आत्याने मला सरळच विचारलं. "तू डोंगराखालचं शिकती. मंग सांग. ऱ्हावं का जावं?"

कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठली जमीन कुठल्या जमिनीखाली गेली हे मी बिनचूक सांगू शकले असते. हा डोंगर ह्या आठवड्यात काय करेल हे मला माहीत नव्हतं, आणि ते मी तिला सांगितलं. मग म्हणाले, "पण माझं घर असतं तर मी इथे थांबले नसते."

मामा म्हणाले, "आवनी अर्धी ऱ्हायलीय, रोपं लावायची हायेत." आत्या म्हणाली, "पोरगी घाबरून बोलतीय, उगं न्हाई बोलत." दुसऱ्या दिवशी टेम्पोत दोन म्हशी आणि कपड्यांची गाठोडी घालून ती दोघं आमच्याकडे कळंबला आली. वाडीतलं आणखी कोणीच निघालं नाही. पेटी हिमालयात जायची असल्याने मी त्याच दिवशी काढून घेतली.

पाऊस खूप झाला. डोंगर आला नाही.

नव्या जागी म्हशी आटल्या. वाडीत लावायचं राहिलेलं भाताचं रोप पिवळं पडून गेलं. पंधरवड्याने आत्या-मामा परत गेले तेव्हा शेजारच्या आजोबांनी टेम्पो थांबायच्या आत विचारलं म्हणे, "काय राव, डोंगर तुमच्या मागं कळंबाला आला व्हता का काय?" बघायला येणारा माणूस आला, चीर पाहून फोटो काढून गेला. पुढे काही कळलं नाही. आत्या त्यावरून मला कधीच टोचून बोलली नाही. फक्त दिवाळीला गेले तेव्हा डोंगराचं कोणी काही विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

हिवाळ्यात आम्ही ती पेटी हिमालयातल्या एका गावी शाळेच्या आवारात पुरली. तिथली एक बाई डोक्यावरचा गवताचा भारा न उतरवताच उभी राहिली आणि म्हणाली, "हमारा पहाड़ ठीक है ना?" सरांनी तिला समजावून सांगितलं, की हे यंत्र फार खोलचं बघतं. ती भाऱ्यासकट वर चढत गेली. मी बॅटरीच्या वायरी जोडत होते. माझी मान वर झाली नाही.

ह्या मे महिन्यात आत्याकडे गेले. ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता. मामा पुढचं दार उतरवून रंधा मारत होते.

"अजून घासतंय?" मी विचारलं.

"दिवाळीपासनं दुसऱ्यांदा मारतोय. जुनं लाकूड, त्येला काय?"

उन्हाळ्यात लाकूड आकसतं. मी गोठ्यातली सुतळी आणली, तिला दगड बांधला आणि चौकटीच्या वरच्या टोकाला धरली. वर चौकटीला चिकटलेली सुतळी खाली तिच्यापासून चार बोटं सुटली होती. चौकट खाचरांकडे कलली होती. मागच्या भिंतीवरही तेच. आत्या कणकेच्या हातांनीच बाहेर आली.

"औंदा पेटी न्हाई ना आनली?"

"नाही."

"मंग आता कशावरनं?"

मी सुतळी तशीच धरून ठेवली. दगड हलायचा थांबला. आत्याने त्या फटीत दोन बोटं घातली, मग आणखी दोन. मामांनी रंधा खाली ठेवला, पण ते दगडाकडे बघेनात.

"आत्या, पाऊस सुरू व्हायच्या आत निघा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मागच्या वर्षीसारखा ऐकू आला.

तिने दारातून उताराकडे पाहिलं. खाली खाचरांत राब भाजून काळे झालेले तुकडे दिसत होते. तिथे आता भाताचं बी पडायचं होतं.

"आवनी उरकली की बघू," ती म्हणाली आणि आत गेली.

आवणी होते ती जुलैच्या पावसातच. मामांनी दार उचललं. मी दुसरी बाजू धरली, आणि आम्ही दोघांनी ते त्या कललेल्या चौकटीत पुन्हा बसवलं.