ट्रुगानिनाची रिडिम

यतिन सबनीसला गायक व्हायचं होतं. झाला सॉफ्टवेअर इंजिनियर. पुण्याहून मेलबर्नला आला, ट्रुगानिना उपनगरात घर घेतलं आणि गॅरेजमध्ये बास गिटार, स्पीकर नि कॉम्प्युटर मांडला. बायकोची, यामिनीची, गाडी तेव्हापासून उन्हात.

रेगेचं, म्हणजे जमैकातल्या संगीताचं, वेड त्याला ऑफिसातल्या सामोआ बेटांवरच्या मित्रांनी लावलं. त्यातली एक रीत त्याला फार भावली. बास आणि ड्रमची एकच चाल बांधायची, तिला रिडिम म्हणायचं, आणि तिच्यावर पाच-सहा गायकांनी आपापली वेगळी गाणी म्हणायची. वर्षभर खपून यतिनने अशी एक रिडिम बांधली. मनातला बेत साधा होता: मोठ्या गायकांच्या पंगतीत आपलंही पान हळूच मांडून घ्यायचं.

मोठं नाव मिळालं ते लॉइडचं. जन्म जमैकाचा, सत्तरी ओलांडलेली, हयात मेलबर्नच्या पबांमध्ये गाण्यात गेलेली. रिडिम ऐकून त्याने डोळे मिटले. "अगदी आमच्या काळासारखी! आजच्या पोरांना हे जमायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सीना आली. विशीतली सामोअन गायिका, नुकतंच नाव व्हायला लागलेली. तीच रिडिम ऐकून म्हणाली, "फायनली काहीतरी नवीन! म्हाताऱ्यांच्या त्याच त्या चाली ऐकून कान किटले होते."

यतिनने दोघांच्याही बोलण्यावर तितक्याच आदराने मान डोलावली.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दोघं गॅरेजमध्ये समोरासमोर आले. आधी कोण गाणार यावर अर्धी सकाळ गेली. शेवटी सीना गायली. लॉइड हाताची घडी घालून ऐकत होता. दुसऱ्या कडव्याला घडी सुटली, तिसऱ्याला तो खालच्या सुरात साथ करू लागला. मग त्याने आपलं गाणं म्हटलं, आणि सीनाने न सांगता मागून सूर धरला.

अशा रंगलेल्या मैफलीत यतिनने आपलं गाणं लावलं. मराठी, स्वतः लिहिलेलं, स्वतः गायलेलं. ते संपलं तेव्हा गॅरेजमधला जुना फ्रिज घुरघुरताना स्पष्ट ऐकू आला.

"बास सुरेख आहे, मेट," लॉइड म्हणाला.

"आवाज थोडा कमी केला तर?" सीनाने सुचवलं.

"किती कमी?"

लॉइडने उठून कॉम्प्युटरवरचा यतिनच्या आवाजाचा स्लायडर खाली ओढला, पार तळाला. नुसती रिडिम उरली, आणि दोघं डोलायला लागले.

"हे असंच शेवटी ठेव," लॉइड म्हणाला. "याला आम्ही व्हर्जन म्हणतो. यावर कुणालाही गाता येतं."

यतिन सोडून, एवढंच तो बोलला नाही.

"मी लग्नाआधीपासून सांगतेय," यामिनी त्या संध्याकाळी म्हणाली.

"काय?"

"की तू वाजवतोस छान."

यतिन चार दिवस फुगून बसला, मग त्याने आपलं गाणं काढून व्हर्जन ठेवलं आणि सगळं ऑनलाइन टाकलं. सगळ्यात जास्त तेच चाललं. सिडनीच्या ब्लॅकटाउनपासून ऑकलंडपर्यंतची पोरं त्यावर गाऊन त्याला गाणी पाठवू लागली. मराठी मंडळाच्या गणपतीत कार्यक्रम बसवणाऱ्या रेखाताईंनी फॅन्सी ड्रेसच्या मागे वाजवायला तेच मागितलं. "गाणं नको हं, नुसतं म्युझिक दे."

लॉइड आणि सीनाही मोदक खायला आले. त्यांच्याभोवती सेल्फीसाठी ही गर्दी. एका काकांनी यतिनच्या हातात फोन दिला. "जरा फोटो काढतोस का आमचा?"

यतिनने काढला. सगळ्यांची डोकी मावतील असा, नीट. स्टेजवर एक छोटी झाशीची राणी संवाद विसरून त्याच्या रिडिमवर नाचत सुटली होती, आणि तिला कुणी थांबवू नये असं त्याला मनापासून वाटत होतं.