दोन हॉर्न

"मदत करू का?" असं कोणी विचारलं, की पेंटरचं डोकं फिरायचं. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. सत्तावीस वर्षांचा असताना शिडीवरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. हात मात्र शाबूत राहिले. पुढे तो पाट्या टेबलावर आडव्या ठेवून रंगवू लागला. अक्षर पूर्वीपेक्षा देखणं झालंय, असं लोक म्हणत, तेव्हा तो म्हणे, "उभा होतो तेव्हा अर्धं लक्ष खाली असायचं ना!"

जीभ अशी तिखट, पण त्याला अकरा वर्षं सगळीकडे नेलं ते आईने. कुठे पायऱ्या आल्या की ती दोन धट्टीकट्टी माणसं शोधायची, त्यांच्या विनवण्या करायची, त्याच्यासकट चाकांची खुर्ची उचलून घ्यायची. उतरताना पुन्हा तेच. या सगळ्यात तिची कंबर कामातून गेली. तो हे पाहत होता आणि आतल्या आत जळत होता.

म्हणून ती व्हॅन घरी आली त्या दिवशी तो लहान पोरासारखा नाचायचाच बाकी होता. जुनीच होती, पण बटण दाबलं की दारातून फळी बाहेर यायची आणि खुर्चीसकट आत जाता यायचं. चालकाची सीट काढलेली होती. त्या जागी खुर्ची नेली की खुर्चीखालचा जाड खिळा जमिनीतल्या लॉकमध्ये खट्कन बसायचा. त्या लॉकला त्याने नाव ठेवलं मगर. ब्रेक, वेग, सगळं हातात.

"आई, आता कोणी धावत खाली यायचं नाही," त्याने जाहीर केलं. "दोन हॉर्न वाजले की समजायचं, मी आलो. लिफ्टने माझा मी वर येतो."

"आणि काही लागलं तर?"

"काही लागणार नाही."

विषय तिथेच संपला. मदतीचा हॉर्न कोणता, हे ठरवायचं राहूनच गेलं.

आईने हा नियम नऊ वर्षं पाळला. दोन हॉर्न ऐकले की ती खिडकीशी येई, दोन्ही हातांनी गज धरून उभी राही. कधी तो यायला अर्धा तास लावी. तरी ती खाली उतरत नसे. धाकट्या बहिणीने एकदा चप्पल पायात सरकवली, तर आई तिच्यावर खेकसली, "त्याला आवडत नाही, माहीत आहे ना?"

अर्धा तास लागे, कारण गाडी जावयासारखी रुसायची. कधी फळी अर्धी बाहेर येऊन थांबे. कधी ती पूर्ण आत गेलीय यावर गाडीचा विश्वासच बसत नसे आणि गिअर पडत नसे. सगळ्यात वाईट खोड मगरीची. पोचल्यावर बटण दाबावं, तर ती खिळा सोडायची नाही. हाताने सोडवायचा एक खटका होता, पण तो खुर्चीच्या मागे, जमिनीलगत. म्हणजे ज्याच्यासाठी गाडी बनवली, त्याचाच हात तिथे पोचणार नाही! हे ज्याने डोकं लढवून बनवलं, त्याला एकदा त्या खुर्चीत बांधून ठेवायला हवं होतं. पेंटरने यावर आपला उपाय काढला. खटक्याला एक जाड दोरी बांधली आणि तिचं टोक खुर्चीच्या हाताशी आणून ठेवलं. मगर अडली की दोरी ओढायची.

साधे गॅरेजवाले या गाडीला हात लावत नसत. हे काम जाणणारं वर्कशॉप एकच, सहा तासांच्या वाटेवर. तिथे गाडी आठवडेच्या आठवडे पडून राही, आणि नेमकी तिथे शहाण्यासारखी वागे. "बघा, चालतंय की!" मिस्तरी म्हणायचा. डॉक्टरच्या दारात पोचताच दाढदुखी थांबावी, तसा प्रकार. शेवटच्या खेपेला मात्र त्याने मगर बदलली, गाडी आतून झाडूनपुसून दिली. दोरी दिसेना, तेव्हा पेंटरने विचारलं.

"काढून टाकली ती. नवं लॉक आहे, आता कशाला असली लोंबकळ?"

पेंटरला ते ऐकून बरंच वाटलं. नवं ते नवं. त्याने दोरी परत बांधली नाही.

दोन महिन्यांनी आईला हॉस्पिटलात ठेवलं. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट. तो रोज सकाळी येऊन बसे, दुपारी पाटी पुरी करायला घरी जाई. त्या दिवशी दुपारी बहिणीने वॉर्डाबाहेर येऊन फोन केला, "दादा, निघ लगेच. ती सारखी तुलाच विचारतेय. डॉक्टर म्हणतात, आता फार वेळ नाही."

ब्रश रॉकेलात न बुडवताच तो निघाला. वीस मिनिटांत हॉस्पिटलच्या मागच्या आवारात पोचला, खुर्चीवाल्यांसाठी राखलेल्या कोपऱ्यातल्या जागेत गाडी लावली, सवयीने दोन हॉर्न दिले आणि बटण दाबलं.

मगर हलली नाही.

त्याने पुन्हा दाबलं. गाडी बंद करून सुरू केली. खुर्ची पुढेमागे हिसडली. खाली सरकून खटका गाठावा, तर स्टिअरिंग आणि पोटामध्ये वीतभर जागा, आणि उजवा खांदा वर्षभर दुखरा. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा अडकला. वर्कशॉपला फोन लावला; तिकडून सांगितलं, गाडी बंद करून परत चालू करा. बहिणीला चार वेळा फोन केला. वॉर्डात फोन बंद ठेवायचा नियम होता आणि ती नियम पाळणारी.

इतक्यात डबा घेतलेली एक नर्स बाजूने गेली. त्याचा घामाघूम चेहरा बघून थांबली. "काही हवंय का?"

"नाही, नाही. ठीक आहे," पेंटर म्हणाला.

वीस वर्षांची सवय. शब्द तोंडातून गेले, नर्सही गेली. तिची पाठ वळल्यावर त्याला कळलं आपण काय केलं ते. काच खाली करून त्याने हाक मारली, पण ती जिन्यात शिरली होती. मग त्याने लाज सोडली. ओरडला, हॉर्न वाजवला, पुन्हा पुन्हा वाजवला. दुपारच्या जेवणाची वेळ, मागचं आवार, चिटपाखरू नाही. आणि हाताला सवय दोनचीच. दोन हॉर्न, थांबायचं, दोन हॉर्न.

शेवटी वॉचमन आला तो भांडायलाच. "अहो, हे हॉस्पिटल आहे की लग्नाचं कार्यालय?" पण पेंटरचे डोळे बघून त्याने दार उघडलं. पेंटर सांगत गेला तसा तो आत चढला, गुडघ्यांवर बसला, चाचपडत खटका शोधला आणि ओढला. मगरीने खिळा सोडला. ओढायला दोन सेकंदही लागले नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर बहीण दारातच उभी होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला काही विचारावं लागलं नाही.

"आत्ताच रे दादा," ती म्हणाली. "दहा मिनिटं झाली."

त्याने आईचा हात हातात घेतला. तो अजून गार पडला नव्हता, आणि हेच त्याला सहन होईना.

"तिने हॉर्न ऐकले," बहीण रडत सांगू लागली. "म्हणाली, आला माझा. मग तू वाजवतच राहिलास, मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मी निघाले होते रे खाली. तिनेच माझा हात धरला. म्हणाली, जाऊ नकोस, त्याला आवडत नाही. आज खुशीत दिसतोय, माझ्यासाठी वाजवतोय. शेवटपर्यंत दाराकडे बघत होती."

"तू खाली काय करत होतास इतका वेळ?" असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं, तर नर्सला दिलेलं उत्तर त्याला सांगावं लागलं असतं.

ते त्याने तेव्हा सांगितलं नाही, नंतरही नाही.

बहीण महिनाभर त्याच्याकडे राहिली. पंधराएक दिवसांनी तो पहिल्यांदा व्हॅन घेऊन एक पाटी पोचवून आला. घराखाली गाडी लावली, वर पाहिलं. खिडकीचे गज रिकामे होते. त्याने हॉर्नवर हात ठेवला, आणि या वेळी दोनांवर उचलला नाही. दाबूनच धरला.

बहीण अनवाणी धावत खाली आली, दार उघडून आत शिरली, त्याच्या खुर्चीमागे जमिनीवर बसून खटका शोधू लागली. "थांब दादा, सोडवते, सोडवते!"

तो डोकं स्टिअरिंगवर ठेवून रडत होता. मगर त्या दिवशी पहिल्याच बटणाला उघडली होती.