विटेचा शेक

मालक जन्मभर मेंढरांमागे चालले. शिरड शहापूरपासून औंढ्याच्या माळापर्यंत रोजची पायपीट. पोटऱ्या आखडायच्या. आखडल्या की मी शेक द्यायची. चुलीत वीट तापवायची, लुगड्याच्या धडप्यात गुंडाळायची आणि दुखऱ्या जागी दाबून ठेवायची. चटका बसल्याशिवाय गुण येत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानत. मीही मानत होते.

पुढे त्यांना साखर निघाली. पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळेना.

"एक चप्पल मेंढराला दिली का?" मी म्हणायची. आम्ही दोघंही हसायचो.

एका हिवाळ्यात उजवी पोटरी दगडासारखी झाली. मेंढरं घेऊन लांब जायचं होतं. दुपारी मी वीट ठेवली.

"लागतंय का?"

"न्हाई."

मी धडप्याची एक घडी काढली. "आता?"

"अगं, चुलीत जाळ हाय का न्हाई? गार दगड लावून राहिली."

"माझा हात पोळून राहिला, अन् तुमी गार म्हनता!"

"ठेव गुमान."

मी आणखी एक घडी काढली. त्यांचा डोळा लागला. गुण येतोय असं समजून मी वीट तशीच राहू दिली.

तासाभराने धडपा काढला, तर कातडं त्याच्यासोबत आलं. ते ओरडले नाहीत. तेव्हा मी घाबरले.

दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, "मावशी, हात लावून बघितला न्हाई का?"

"बघितला. पोळला."

"मग काहून ठेवली?"

"मालकाला लागत न्हवतं."

"साखरेनं बधिर झालेल्या पायाला लागत नसतंच. असल्या पायाला शेक द्यायचाच न्हाई. चांगल्या पायालाबी कोमट फडकं, पंधरा मिनिटं, अन् मानूस जागा पायजे. वीट न्हाई."

मी चौथी शिकलेली, पण एका ऐकण्यात पाठ झालं. उशीर झाला होता. जखम चिघळत गेली आणि पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मेंढरं दिराने नेली.

आता माझे गुडघे आखडतात. फडकं कोपराला लावून बघते, मगच गुडघ्यावर ठेवते. घटकाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. मालकांना बाजेवरून मोरीपर्यंत मीच नेते. हे गुडघे बसले की त्यांना न्यायला कोणी नाही.