विस्तव देणारी गल्ली

तुळजाबाई रस्त्याने चालताना घरांकडे पाहत नसत, घरांवरच्या धुराकडे पाहत.

अनोळखी दारात उभ्या राहिल्या की आधी खोकत, मग हाक मारत.

चहा बशीत ओतून बशी हातात फिरवत बसत. फुंकर मारत नसत.

भाजीवालीशी भाव जमला की मगच तिचं गाव विचारत. आधी विचारलं तर पुढे घासाघीस करवत नाही, म्हणत.

माझ्या पुस्तकांना हात लावण्याआधी हात धुवत. वाचता येत नव्हतं.

काडेपेटी देवापुढच्या दिव्यापुरती. चूल रात्रीच्या राखेत झाकलेल्या निखाऱ्यावरच पेटायची.

नव्या भाडेकरूच्या खोलीत चूल स्वतःच्या हाताने घालत. चूल वाळल्यावर किल्ली देत.

त्यांना जाऊन महिनाही झालेला नाही. मला सध्या एवढंच आठवतं.

गेल्या वर्षी शिमगा नुकताच झाला होता. मी हैदराबादेहून बी.ए. होऊन जालन्याच्या शाळेत लागलो होतो आणि स्टेशनाकडच्या एका खोलीत राहत होतो. एका सकाळी दारात कुणीतरी खोकलं. पाहतो तर चाळिशीच्या एक बाई, हातात गवरीचा तुकडा.

"मास्तर, विस्तव देता का?"

"मी मास्तर आहे हे कसं कळलं?"

"बाहीला खडू हाय."

"माझ्याकडे चूल नाही. खानावळीत जेवतो."

"मंग शेजारी मिळंल का?"

"शेजारी कोण राहतं, मला माहीत नाही."

"कवापासून राहून राह्यले हितं?"

"दिवाळीपासून."

त्यांनी गवरी खाली केली आणि आजारी माणसाकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं. "दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. मग खाली बसल्या आणि आपण कोण, कशाला आलो, ते सगळं सांगितलं.

त्या टेंभुर्णीच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. धाकटे दीर, त्यांचं नावच कारभारी, त्यांच्या घरात राहत. दीर वाईट नव्हते. जाऊ उषाबाईही वाईट नव्हती. पण चूल जावेची होती. तुळजाबाईंना त्या घरात जेवायला मिळे, कुणाला वाढायला मिळत नसे. म्हणून त्यांनी अंगावरचं सोनं मोडून जालन्यात घर घ्यायचं ठरवलं होतं. एका खोलीत आपण राहायचं, बाकीच्या भाड्याने द्यायच्या, आणि त्यावर पोट भरायचं.

कारभारींनी होकार दिला, पण अट घातली. ती मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकली. ते बैलगाडीतून वहिनीचं सामान घेऊन आले होते आणि गाडीवरून उतरायच्या आधीच बोलायला लागले.

"हे बघा वैनी, पाडवा ते पाडवा. साल भरंल तवा मी येईन. एक बी खोली रिकामी दिसली तर घर विकायचं अन् ह्याच गाडीत बसायचं. लोक मला काय बोलून राह्यले तुम्हाला न्हाई ठावं. भावजय शहरात एकली ठेवली म्हणत्यात."

"सालगडी ठेवून राह्यले का भावजी?"

"तसंच समजा."

"मंग सालगड्याला चपला देत्यात. माझ्या कुठं हायत?"

कारभारी हसले नाहीत. पण पुढच्या खेपेला चपला घेऊन आले.

घर मात्र त्याआधीच, त्या शिमग्याच्या दिवसांतच, शोधून झालं होतं. एक दलाल त्यांना मोहल्ले दाखवत होता. शाळेला सुट्टी असली की मीही बरोबर जात असे. दलाल पाण्याचं सांगे, स्टेशन किती जवळ ते सांगे, कापसाच्या हंगामात सरकी काढायच्या जिनातल्या कामगारांना खोल्या कशा मिळत नाहीत ते सांगे. तुळजाबाई सगळं ऐकून घेत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गल्लीत गवरी घेऊन एकट्या जात आणि दारोदार विस्तव मागत. ज्या गल्लीत परक्या बाईला विस्तव मिळतो तिथे माणूस टिकतो, असा त्यांचा हिशेब होता. गावात त्यांनी तेच पाहिलं होतं.

स्टेशनाकडचा भाग माझ्यामुळेच बाद झाला. शेजारी कोण ते मला सांगता आलं नव्हतं.

मग दलालाने बाजारातली मारवाड्यांची गल्ली दाखवली. घर पक्कं होतं. दुकानं, पेढ्या, कचेरी, सगळं हाकेच्या अंतरावर. "बाई, इथे खोली रिकामी राहिली तर माझी दलाली परत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. तुळजाबाई एकेका दारात थांबत होत्या. कुणी मान हलवली, कुणी नुसताच हात हलवून नाही म्हटलं. एका बाईने दार लोटून घेतलं. त्या परत आल्या तेव्हा गवरी तशीच थंड होती.

"मास्तर, अख्ख्या गल्लीत एक चूल जित्ती न्हाई. सकाळची वेळ, अन् एका बी घरातून धूर न्हाई. मेल्या चुलीची गल्ली ही."

दलालाने कपाळाला हात लावला. मी वर पाहिलं. खरंच, कुठेही धूर नव्हता. मलाही तो कंजूषपणाच वाटला.

नदीपलीकडे कादराबादेत मात्र उलटं झालं. कोष्ट्यांची आणि शेतकऱ्यांची एक गल्ली होती. तुळजाबाई आत गेल्या त्या बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. गवरी पेटून हाताला चटके देत होती आणि त्या हसत होत्या. त्यांना अर्ध्या गल्लीची नावं पाठ झाली होती. सोनूबाई नावाच्या एका बाईने तर चहाही पाजला होता. त्याच गल्लीतलं चार खोल्यांचं घर त्यांनी घेतलं.

एका खोलीत त्या. दुसरीत मी आलो. मला खानावळीचा कंटाळा आला होता, आणि माझ्यासाठी कुणी चूल घालेल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिसरीत सरकारी दवाखान्यातल्या दाई रमाबाई. चौथी खोली टिकेना.

पहिल्यांदा एक कारकून आला. बायको होती, घर आवडलं होतं. आठवड्यात निघाला.

"काय झालं?" मी विचारलं.

"घराला नाव ठेवायला जागा नाही, मास्तर. पण त्या सोनूबाई रोज सकाळी विस्तव घेऊन येतात आणि माझ्या बायकोला माझा पगार विचारतात."

"सांगू नका."

"सांगितल्याशिवाय जात नाहीत."

त्याच्यानंतर एक मुनीम आला. तोही गेला. ज्यांना जालन्यात भाड्याची खोली लागे ती माणसं बाजारात कामाला असत. त्यांना नदी ओलांडून येणं नको असे, आणि आल्यावर दारात चार बाया बसलेल्या नको असत. मी हे तुळजाबाईंना हळूहळू सांगितलं.

"विस्तव घेऊन येणाराला जा म्हणावं का मास्तर?"

त्यांना उमगलं होतं. गल्ली त्यांनी राहण्यासाठी निवडली होती, भाड्यासाठी नाही. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चौथ्या खोलीत दिवा लावायला लागल्या. बाहेरून भरलेली दिसते, म्हणाल्या.

यंदाचा शिमगा झाला. पाडवा आठवड्यावर आला.

बाजारातल्या त्याच गल्लीत जडावबाई नावाच्या म्हाताऱ्या मारवाडी बाईंकडे मी त्यांच्या नातवाला शिकवायला जाई. त्या दिवशी त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. दहीभात, थंड पुऱ्या, थंड गोड भात.

"आज थंडंच खायचं मास्तरजी. शीतलामातेचा दिवस. चूल पेटत नाही."

"तुमच्याकडे?"

"सगळ्या गल्लीत. होळी झाली की आठ दिवसांनी. कालच करून ठेवतो. आज विस्तवाला हात लावायचा नाही."

मी हातातली पुरी ताटात ठेवली आणि बोटांवर गेल्या शिमग्यानंतरचे दिवस मोजले. विस्तव मागितला ती सकाळही आठवीच होती.

घरी आल्यावर सांगावं की नाही, हे मला ठरवता येईना. पाडव्याला इतके थोडे दिवस असताना सांगून काय होणार होतं? पण तुळजाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. मग मी सांगितलं.

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"म्हंजी ती गल्ली बराबर होती."

"हो."

"अन् तिथलं घर?"

"केव्हाच गेलं. भरलेलं आहे."

घराचं त्या पुढे काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "वरीसभर त्यांना मेल्या चुलीचे म्हणून राह्यले मी. त्यांच्या दुकानातून मीठ बी घेतलं न्हाई. उद्या सकाळी माझ्यासंगं चला."

सकाळी त्यांनी आपल्या चुलीतले निखारे एका खापरात घेतले, वर राख घातली, आणि आम्ही निघालो. नदीला पाणी कमी होतं. मधे वाळूत त्या दोनदा थांबल्या आणि राख बाजूला करून विस्तव पाहिला.

जडावबाई दारातच होत्या.

"हे काय?"

"विस्तव. काल तुमची चूल थंडी होती. आज पेटवायला लागंल."

जडावबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मास्तरजी, ह्या बाई काय म्हणतात? काडेपेटी आहे घरात."

मी गेल्या वर्षीची सगळी हकिकत सांगितली. ऐकता ऐकता जडावबाई हसायला लागल्या आणि हसता हसता उंबऱ्यावर बसल्या. डोळे पुसून म्हणाल्या, "चुलीला नाही चालायचा हो. आमचं सोवळं असतं. बंबाला चालेल."

"बंबाला तर बंबाला. पण वाया घालू नगा. नदी उतरून आल्ता."

विस्तव बंबात गेला. पाणी तापेपर्यंत दोघी बोलत बसल्या. खोलीचा विषय निघाला. जडावबाई म्हणाल्या, "आमच्या दुकानात नवा दिवाणजी आहे, धर्मराज. बायको उमा, पहिलटकरीण. आई नाही तिला. इथे त्यांना खोली आहे, पण इथे कोण कुणाकडे जातं? एकटी बसते आणि रडते."

"आमच्या गल्लीत लोक लई येत्यात," तुळजाबाई म्हणाल्या. गुन्हा कबूल करावा तसं म्हणाल्या.

"म्हणजे?"

"विचारत्यात बी लई. पगार बिगार."

"विचारू दे की. तिला विचारायला कुणी नाही म्हणून तर रडते."

दोन दिवसांनी धर्मराज आणि उमा खोली पाहून गेले. उमाने शेजारी दाई राहते हे ऐकलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. सोनूबाईंनी तिला कितवा महिना ते विचारलं, आणि मग पगार. उमाने दोन्ही सांगितलं. पाडव्याला राहायला यायचं ठरलं.

तुळजाबाईंनी टेंभुर्णीला जाणाऱ्या गाडीवानाबरोबर दिराला निरोप धाडला. "गाडी रिकामी आणा म्हणावं. रिकामीच न्यायची हाय."

पाडव्याच्या दोन दिवस आधी त्या चूल घालायला बसल्या. नदीची माती, त्यात लीद आणि भुसा. मी शाळेला निघालो तेव्हा हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते. चुलीच्या दोन्ही बाजू उभ्या झाल्या होत्या. कोरड्यास किंवा दूध ठेवायचं छोटं तोंड, वैल, तेवढं बाकी होतं.

"मास्तर, वैल उजवीकडं अस्तो. पण पोरगी डावरी हाय. पाण्याचा तांब्या डाव्या हातानं घेतला तिनं. डावीकडं घालू का?"

"घाला की."

"कुणी हसंल."

"कोण हसेल?"

"सोनूबाई," म्हणाल्या, आणि डावीकडे मातीचा गोळा ठेवला.

दुपारी सोनूबाईंचा नवरा शाळेत बोलवायला आला. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रमाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "काही नव्हतं हो," त्या म्हणत होत्या. "पाणी मागितलं. मी आणेपर्यंत..." सोनूबाईंनी तुळजाबाईंचे हात धुतले. नखांतली माती निघाली नाही.

कारभारी रिकाम्या गाडीचा तो निरोप मिळताच निघाले होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पोचले. गाडी रिकामीच होती. तिरडीपुढे धरायच्या मडक्यात विस्तव तुळजाबाईंच्या चुलीतलाच घातला. राखेखाली तो जिता होता.

पाडव्याच्या दिवशी गल्लीत सगळ्यांच्या दारात गुढ्या होत्या. आमच्या दारात नव्हती. धर्मराज येऊन गेला होता. सुतकाच्या घरात गरोदर बाईला आत्ता कसं आणू, म्हणाला. तेराव्यानंतर येतो. त्याचं बरोबर होतं. पण चौथी खोली रिकामी होती आणि साल भरलं होतं.

कारभारी तिच्या दारात उकिडवे बसले होते. मी शेजारी बसलो.

"हे अर्धं कशाचं हाय?"

"चूल. भाडेकरू तेराव्यानंतर येणार आहे."

"वैनी किल्ली कवा देत व्हत्या?"

"चूल घातल्यावर. वाळली की."

"म्हंजी चूल बसली की खोली दिलेलीच."

"तसंच."

"मंग भरली," ते म्हणाले. "घर इकत न्हाई मी. करार पुरा केला त्यांनी." उठताना त्यांनी दाराची चौकट धरली. "चपला कुठं हायत त्यांच्या?"

मी दाखवल्या. त्या त्यांनी गाडीत ठेवल्या आणि गेले.

तेरावं झाल्यावर धर्मराज आणि उमा राहायला आले. किल्ली मी दिली. सोनूबाई विस्तव घेऊन आल्या आणि उमाने त्यावर चूल पेटवली. रमाबाई म्हणाल्या, वैल मी घालून देते. सोनूबाई म्हणाल्या, मी घालते. दोघींपैकी कुणीच अजून माती आणलेली नाही.

उमा एकाच तोंडावर स्वयंपाक करते. आधी भाकरी, मग ती उतरवून कोरड्यास. डावीकडे तो गोळा आहे तसाच आहे. वाळला आहे. वर मधोमध अंगठा दाबल्याची एक खळगी आहे, भोक पाडायला सुरुवात केलेली.