सरांचा अंगठा

रबाळ्याच्या आमच्या लॅबमध्ये आज शबानाने ॲसिडची बाटली उघडली आणि व्हिनेगरसारखा आंबट वास नाकात शिरला. त्या वासाबरोबर मला अजून सरांचा अंगठा दिसतो.

लॅब सर चालवायचे, तेव्हा शबानासारखीच मी नवीन होते. बाटल्यांत वाढवलेली केळीची रोपं दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यांकडे जायची होती. त्याआधी मुळांची टोकं रंगवायची, काचेखाली अंगठ्याने चेपायची आणि गुणसूत्रं मूळ झाडाइतकीच आहेत ना, हे तपासायचं; कमी-जास्त निघाली तर रोपं पाठवायची नाहीत. एका पेशीत मला ती जास्त दिसली. जांभळट, आखूड, अगदी सुटी सुटी.

"सर, जरा बघता का?"

सर मायक्रोस्कोपवर वाकले. फोकस दोनदा फिरवून पाहिला. मग स्लाइड काढून टेबलावर ठेवली. "थोडी दाबली ना, की नीट दिसेल," म्हणत त्यांनी अंगठा टेकवला. नख पांढरं होईपर्यंत दाबला.

"अरेरे, पेशी फुटली. जाऊ दे, टेन्शन नको घेऊस. दुसरी बघ."

दुसरी बरोबर निघाली. रोपं गेली.

तेव्हा वाटलं, सरांना खरंच नीट बघायचं होतं. आता इतकी वर्षं हेच काम केल्यावर कळतं, की गुणसूत्रं इतकी सुटी दिसत असताना पेशी कोणी पुन्हा चेपत नाही; चेपली की ती फुटणारच.

"मॅडम, ही पेशी बघा ना," शबाना म्हणाली. तिची नजर माझ्या हातांवर होती, की मलाच तसं वाटलं?

मी दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले आणि मगच वाकले.