एका काचेवर दोघं

निघताना बायकोनं कॅमेऱ्याची पेटी उचलून पाहिली आणि म्हणाली, "घरात दोन मिनिटं एका जागी बसवत नाही, आणि नदीपुढे तासभर उभे राहणार म्हणे." तिचं खरंच होतं. मी जात्याच उतावळा माणूस. पण दोन वर्षांपूर्वी कॅमेऱ्याची एक गंमत मला कळली आणि तिनं वेडच लावलं. भिंगावरचं झाकण क्षणभर उघडलं तर समोरचं जसंच्या तसं काचेवर उमटतं. तेच बराच वेळ उघडं ठेवलं तर काच भलतंच काही गोळा करते. पुण्याच्या मंडईचा असा एक फोटो मी काढला होता. भर बाजाराची वेळ, आणि फोटोत चिटपाखरू नाही. चालणारी माणसं सगळी पुसली गेली, उरली ती फक्त डुलकी घेत बसलेली एक लिंबूवाली. आता मला वाहती गोदावरी तशी टिपायची होती.

मनमाडहून निजामाच्या गाडीत बसलो. औरंगाबादला माझ्या डब्यात माधवराव चढले. घनसावंगीच्या बाजूचे शेतकरी, वय पस्तिशीचं, हातात औषधाची बाटली. वडिलांचे डोळे चाललेत म्हणून मोठ्या दवाखान्यात विचारायला आले होते. आता उशीर झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बदनापूर येईपर्यंत आमची ओळख झाली आणि जालन्याला उतरेपर्यंत मी त्यांच्या घरचा पाहुणा ठरलो. नदी त्यांच्या गावाहून जवळच होती.

अंबडपर्यंत मोटार, पुढे त्यांची बैलगाडी. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधूनच ज्वारीचे हिरवे पट्टे. गावात शिरलो आणि गाडी थांबायच्या आतच मी उडी मारली. पाठोपाठ पेटी. कॅमेरा वाचला, पण बारा काचांपैकी दहा फुटल्या. दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बैलांवरच चिडलो. ते शांतपणे रवंथ करत राहिले.

घर माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं). ओसरीवर माधवरावांचे वडील, आबा, बसले होते. जेवायला येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची) आणि ज्वारीच्या भाकरी. ताटं कुणी आणून ठेवली नाहीत. आतून उंबऱ्यापर्यंत सरकली, बांगड्या दोनदा वाजल्या, आणि माधवरावांनी ती उचलली. घरात गोषा (पडदा) होता. सून सासऱ्यापुढे येत नाही, सासरा सुनेशी बोलत नाही. आबांना काही हवं असलं की ते ओसरीच्या खांबाला सांगत. "आज आमटी झकास झाली," ते खांबाला म्हणाले, आणि आत बांगड्या एकदा वाजल्या. मला हसू आलं. मग कळलं की सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली आणि तेव्हापासून या म्हाताऱ्याचं सगळं तीच बघते. टाचेला भेग पडलेली त्याच्या आधी तिला दिसते आणि तेलाची वाटी उंबऱ्यावर येते. मला हसल्याची लाज वाटली.

दुपारी आबांनी माझ्या पेटीची चौकशी केली. बरोबर आणलेला मंडईचा फोटो त्यांनी डोळ्यांपासून दोन बोटांवर धरून पाहिला. मी उत्साहानं सांगत गेलो, की काच थोडं थोडं साठवते, मध्येच झाकण लावलं तरी तिचं बिघडत नाही, पुन्हा उघडलं की तिथून पुढे सुरू. आबांनी फोटो मांडीवर ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चौदा वर्सं झाली तिला या घरात. तिच्या हातचं खाऊन राह्यलो, पण तोंड पाह्यलं न्हाई. डोळे जायच्या आधी एकदा पाहायचंय."

मी वेड्यासारखा म्हणालो, समोर बोलवा ना.

"बोलावलं तर येईल. पण रीत मोडली म्हणून जन्मभर तिलाच खात राहील."

एकटीचा फोटो काढतो म्हटलं, तर सुनेची एकटीची तसबीर सासऱ्याजवळ शोभत नाही म्हणाले. घरच्यांसोबत असली तर बराबर. मग तेच हळूच म्हणाले, "झाकण लावलं की काच वाट पाहती म्हणता. तेवढ्यात मी उठून गेलो आन् ती आली तर?"

दोन वर्षं कॅमेरा मिरवतोय, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मागे उजेड असला तर दोघंही भुतासारखी आरपार दिसली असती, म्हणून ओसरीवर काळी घोंगडी टांगली. सुनेचा होकार माधवरावांनी आणला. परक्या पुरुषापुढे ती येणार नव्हती, तेव्हा झाकण उघडायचं आणि वीस आकडे मोजायचं काम मी त्यांनाच शिकवलं. आबा तिवईवर बसले, वीस आकडे झाले, झाकण लागलं. आबा आणि मी अंगणात येऊन पाठ करून बसलो. आत पुन्हा वीस आकडे झाले आणि माधवराव खाली मान घालून बाहेर आले. "पदर हनुवटीपर्यंत ओढला तिनं. म्हणती, तिवई रिकामी असली तरी मामाजींची हाये."

उरली एकच काच. ती मी गोदावरीसाठी राखून ठेवली होती. मनाला चुटपुट लागली, खोटं कशाला सांगू. पण आबांच्या त्या धूसर डोळ्यांकडे पाहिलं आणि काच कॅमेऱ्यात सरकवली.

आबा पुन्हा बसले. वीस आकडे झाल्यावर उठताना त्यांनी तिवई स्वतः उचलली, अंगणात आणून ठेवली आणि दाराकडे पाठ करून तिच्यावर बसले. या वेळी ते खांबाशी बोलले नाहीत.

"पोरी, तिवई मी उचलून आणली. तिथं आता कोणी न्हाई. पदर बाजूला घे, माय."

आत काही हाललं नाही. मग माधवराव मोजू लागले. बारावर त्यांचा आवाज अडकला, पण वीसपर्यंत ते पोचले.

संध्याकाळी बळदात (धान्य साठवायच्या अंधाऱ्या खोलीत) काच रसायनात धुतली. तिच्यावर काळ्याचं पांढरं झालेलं असतं, चेहरा ओळखू येत नाही. पण मान कळते. तिची मान तिच्या डाव्या हाताकडे वळलेली होती. भिंगाकडे बघा म्हणून दहादा निरोप धाडला होता. मी स्वतःशीच चरफडत झोपलो.

सकाळी काच आणि फोटोचा कागद चौकटीत दाबून उन्हात ठेवले. कागदावर काळसर छटा चढू लागली तशी मी चौकट आबांच्या हातात दिली आणि बाजूला झालो. बघू नका असं मला कुणी म्हटलं नव्हतं, पण ते तोंड परक्यानं बघावं असं मलाच वाटेना. पुढचं रसायनाचं काम माधवरावांनी माझ्या सांगण्यावरून केलं. आबांनी कागद डोळ्यांशी नेला.

"ही कुणीकडं पाहून राह्यली?"

मी विचारलं, "तुम्ही कुठं बसलात त्यात?"

"हिच्या डाव्या हाताला."

"मग तुमच्याकडेच. तिनं तरी तुमचं तोंड कधी धड पाहिलं होतं?"

आबांच्या गालांवरून पाणी ओघळलं, ते त्यांनी पुसलंही नाही. दाराकडे तोंड करून ते म्हणाले, "पोरी, तसबीर चांगली आली." ना जेवणाची वेळ होती, ना ताट सरकायचं होतं. तरी आत बांगड्या वाजल्या, आणि वाजतच राहिल्या.

काच मी त्यांच्याकडेच ठेवून आलो. गोदावरी नुसती डोळ्यांनी पाहिली, चांगली तासभर, एका जागी उभा राहून. घरी आल्यावर बायकोनं पेटी उघडली आणि तिच्यात एकही फोटो नाही हे पाहून काय काढलंत, म्हणून विचारलं. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो, मी म्हणालो. कसा आलाय, तिनं विचारलं. मी पाहिला नाही, असं सांगितलं, तर तिला वाटलं मी थट्टा करतोय.