एका दिवसाचा लॉर्ड

बसडेपोतला मेकॅनिक लॉर्ड झाला, हे ऐकायला गंमत वाटते. एनक गारसाइडला मात्र ही गंमत जन्माला पुरली.

यॉर्कशरमधल्या थॉर्नली गावात त्याचा बाप खाणीत राबला आणि तो स्वतः डेपोत. नात्यातला कुणी दूरचा म्हातारा हार्थमूरचा लॉर्ड आहे, असं घरात चेष्टेनं बोललं जाई, एवढंच. एकोणसत्तर साली तो निपुत्रिक वारला आणि किताब एनकच्या गळ्यात पडला. जमीनजुमला कधीच विकला गेला होता. उरली होती लंडनला पार्लमेंटच्या वरच्या सभागृहातली जागा. कुण्या राजानं कधीकाळी एका सरदाराला सल्ल्याला बोलावलं, मग त्याच्या मुलाला, मग नातवाला, आणि होता होता ते बोलावणं वंशपरंपरेचा हक्क होऊन बसलं. लोकांना काही विचारायचा प्रश्नच नाही. युनियनच्या सभांतून एनक याच हक्कावर तोंडसुख घेत आला होता.

आणि नेमकं त्याच वेळी मजूर पक्षानं खालच्या सभागृहासाठी त्याला उमेदवार ठरवलं होतं. लॉर्डला ती निवडणूक लढवता येत नाही, साधं मतही देता येत नाही. पण नव्या कायद्यानं वर्षभरात किताब सोडून देता येत होता, त्यामुळे एनक निर्धास्त होता. डेपोतही मजा चालली होती. "सरकार, जरा तो पाना द्या इकडं," असं कुणी म्हणे, आणि एनक वाकून मुजरा करून पाना देई.

आडवी आली ती आई. केझायानं उभा जन्म खाणीच्या मॅनेजरच्या पायऱ्या घासल्या होत्या.

"एकदाच तुला त्यांच्यात बसलेला बघू दे," ती म्हणाली. "मग टाक तो किताब कोळशाच्या बादलीत."

सोडायचाच आहे, मग आईची हौस का मारायची? एनकनं रीतसर अर्ज केला, बोलावणं आलं आणि रविवारचा सूट घालून त्यानं शपथ घेतली. वर गॅलरीत केझाया ठेवणीतली हॅट घालून बसली होती.

"तांबडा झगा कुठाय?" बाहेर आल्यावर तिनं विचारलं.

"तो नव्यानं लॉर्ड केलेल्यांना. बापजाद्यांकडून आलेल्यानं नुसतं आत जाऊन बसायचं."

"म्हणजे घरचाच माणूस की," असं म्हणून ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

पुढच्या आठवड्यात किताब सोडायला एनक वकिलाकडे गेला.

"आत बसायला मिळावं म्हणून अर्ज केलात?" वकिलानं चष्मा काढला.

"एका दिवसासाठी."

"कायदा दिवस बघत नाही, गारसाइडसाहेब. ज्यानं बोलावणं मागितलं, त्यानं किताब घेतला. गप्प बसला असतात, तर सुटला असतात."

"मग आता?"

"आता मरेपर्यंत तुमचा. मग मुलाचा. त्याला सांगून ठेवा, अर्ज करू नकोस म्हणावं."

पक्षानं लीड्सचा एक प्राध्यापक उभा केला. "वरच्या सभागृहात बोल की," लोक म्हणत. "तिथं मला गावानं धाडलेलं नाही," एवढंच एनक म्हणे. डेपोत आता त्याला कुणी सरकार म्हणेना, सगळे जपून बोलू लागले. ते त्याला फार लागलं. आईला त्यानं सांगितलं, पक्षाला तरुण माणूस हवा होता.

मतदानाच्या दिवशी तो तिला शाळेपर्यंत घेऊन गेला आणि फाटकाशी थांबला.

"चल की. रांग नाही फारशी."

"लॉर्डला मत नसतं, आई."

"अरे, पण तू तो टाकलास ना?"

"टाकता आला नाही."

केझायानं पाऊल मागं घेतलं. "माझ्या त्या हौसेपायी?"

एनकला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही. तो तिच्या हॅटची पिन नीट करत राहिला.

"यादीत तुझं नाव नाही, तर मी आत जाऊन काय करू?" ती म्हणाली.

बायको वारली होती, पोरगा शाळकरी. "जा, आई," एनक म्हणाला. "आपल्या घरात आता तुझंच एक मत उरलंय."

कठडा धरून केझाया एकटीच आत गेली.